थांबण्याचा अधिकार

संकटाच्या वेळी काहीतरी केलेच पाहिजे, ही माणसाची फार जुनी ओढ आहे. घरात कुणी आजारी पडले की एकजण सुंठ उगाळतो, दुसरा अंगारा लावतो, तिसरा गाडी बोलावायला धावतो. आणि जो नुसता उशाशी बसून राहतो, त्याच्याकडे सारे घर रागाने पाहते. स्वस्थ बसणारा माणूस आपल्याला निष्ठुर तरी वाटतो, नाही तर अडाणी. पण स्वस्थ बसणे हेच कधी कधी कर्तव्य असू शकेल काय? प्रश्न तत्त्वज्ञानाच्या ग्रंथातला वाटतो खरा. पण त्याचे एक उत्तर वैद्यकाच्या इतिहासात, पानथरीच्या कथेत दडलेले आहे.

पानथरी म्हणजे प्लीहा. डाव्या बरगड्यांच्या आड ती असते. प्रौढ माणसात तिचे वजन सुमारे १५० ग्रॅम. आपल्या आजी-पणजींना तिची ओळख होई ती हिवतापाने ती वाढली म्हणजे. एरवी ती मुकाट्याने रक्त गाळते, म्हाताऱ्या झालेल्या तांबड्या पेशी मोडीत काढते, जंतूंशी झुंजते. रक्ताने भरलेली असल्यामुळे ती फार नाजूक. बैलाने ढुशी दिली, मुलगा चिंचेवरून पडला, मोटारसायकलचे हँडल पोटात बसले, की वर कातडीवर ओरखडाही नसतो आणि आत पानथरी फाटलेली असते. ‘मुका मार’ हा आपला शब्द किती अचूक आहे पाहा! हा मार खरोखरच बोलत नाही.

अशा फाटलेल्या पानथरीचे करायचे काय? १८९२ साली ब्रेस्लाउ शहरात रीगनर नावाच्या शल्यविशारदाने उंचावरून पडलेल्या एका चौदा वर्षांच्या मुलाची पानथरी काढून टाकली आणि मुलगा वाचला. तेव्हापासून नियमच होऊन बसला: पानथरी फाटली की काढून टाका. नोबेल पारितोषिक मिळालेले कोखर यांच्यासारखे थोर शल्यविशारदही, ती काढल्याने काही अपाय होत नाही, असे मानीत. पुढे १९५२ साली अमेरिकेतील किंग आणि शूमाकर या दोघांनी दाखवून दिले, की तान्हेपणी पानथरी काढलेल्या काही बाळांना पुढे भयंकर जंतुसंसर्ग झाला होता. निरुपयोगी म्हणून जिला आपण हाकलले, ती घरची राखणदार होती!

मग टोरांटोच्या बालरुग्णालयातल्या डॉक्टरांनी काही मुलांच्या बाबतीत सुरी हाती न घेता वाट पाहिली. मुलांची फाटलेली पानथरी पुष्कळदा आपली आपणच रक्त थांबवते आणि सांधली जाते, असे त्यांना दिसून आले. १९६८ साली या विषयावर जो महत्त्वाचा लेख प्रसिद्ध झाला, त्याच्या दोन लेखकांपैकी एक आपले भारतीय होते: दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतले पुरुषोत्तम उपाध्याय. पुढे सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन आल्यावर पोट न उघडता आतली जखम दिसू लागली आणि मोठ्या माणसांनाही तीच रीत लागू झाली. आज नाडी आणि रक्तदाब स्थिर असेल, तर बहुतेक वेळा सुरी बाजूला राहते. रक्त देऊनही रोगी खचत चालला, तर मात्र क्षणाचाही विलंब न लावता शस्त्रक्रिया करावी लागते.

पण वाचकहो, हे वाट पाहणे म्हणजे आळस नव्हे. परिचारिका पुनःपुन्हा नाडी पाहते, रक्त तपासले जाते, जुळणाऱ्या गटाच्या बाटल्या राखून ठेवल्या जातात, शल्यविशारद हाकेच्या अंतरावर असतो. कारण थांबलेला रक्तस्राव काही दिवसांनीही उलटू शकतो. गीतेच्या चौथ्या अध्यायात कर्म आणि अकर्म यांचा जो विचार आहे, तो मला अशा खाटेजवळ जास्त समजतो. वरून पाहणाऱ्याला काहीच घडताना दिसत नाही आणि आत मोठे कर्म चाललेले असते.

इथेच खरा नैतिक पेच सुरू होतो. आमच्या लोह्यासारख्या गावी ‘मुकाच मार आहे, हळद लावा, झोपू द्या’ असे म्हणून पोराला घरी ठेवणारेही वाटच पाहत असतात. पण पोर पांढरेफटक पडत चालले, घाम फुटला, भोवळ आली किंवा डावा खांदा विनाकारण दुखू लागला, हे पाहायला कुणी जागे नसेल, तर ते वाट पाहणे नव्हे, तो जुगार. त्याला नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात हलवणे, हेच तिथले कर्तव्य. जखम तीच, मुलगाही तोच. पण एका ठिकाणी जो संयम ठरतो, तोच दुसऱ्या ठिकाणी अपराध होतो!

म्हणजे संयम हा एकट्या डॉक्टरचा सद्गुण नव्हे. रक्तपेढी भरलेली नसेल, रात्रपाळीला माणूस नसेल, तर चांगल्यातल्या चांगल्या डॉक्टरलाही नाइलाजाने सुरी उचलावी लागेल. मग एखादे मूल आपली पानथरी गमावील ते जखम मोठी होती म्हणून नव्हे, तर रात्र राखायला कुणी नव्हते म्हणून. पुढे त्याने लशी टोचून घ्यायच्या, आणि साध्या तापालाही जन्मभर भ्यायचे. आपण रक्तदान करतो, तेव्हा न झालेल्या शस्त्रक्रियेतही आपला वाटा असतो.

आपण नातेवाईक मात्र ‘डॉक्टरसाहेब, काहीतरी करा’ एवढेच म्हणत राहतो. टाके दिसतात, जागरण दिसत नाही. न केलेल्या शस्त्रक्रियेबद्दल कुणी पेढे वाटीत नाही. कुणावरही असा प्रसंग येऊ नये. पण आलाच, तर ‘कापणार की नाही?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘आज रात्री याच्याजवळ जागे कोण राहणार, आणि गरज पडली तर धावून कोण येणार?’ हेही विचारावे. त्याचे उत्तर ज्याच्यापाशी आहे, त्यालाच थांबण्याचा अधिकार आहे.