गॅलरीतली जागा

रक्ताची सवय लवकर होते. 'द निक' बघायला बसलेल्या माणसाला हे दोन-तीन भागांत कळतं. पहिल्या भागात बाळंतिणीच्या पोटावर सुरी चालताना जो डोळ्यांवर हात ठेवतो, तोच चौथ्या भागापर्यंत चिवड्याची बशी मांडीवर घेऊन आरामात आतडी बघू लागतो. म्हणजे ही मालिका अस्वस्थ करते ती रक्तामुळे, हे काही खरं नाही. रक्ताला आपण सरावतो, तरीही रात्री उशिरा टीव्ही बंद केल्यावर काहीतरी टोचत राहतं. आणि दुसऱ्या दिवशी आपण पुढचा भाग लावतो.

स्टीव्हन सोडरबर्गने 2014 आणि 2015 या दोन वर्षांत या मालिकेचे वीसच्या वीस भाग स्वतः दिग्दर्शित केले. काळ 1900 चा, शहर न्यूयॉर्क, जागा निकरबॉकर हे रुग्णालय. त्या नावाचं रुग्णालय हार्लेममध्ये खरोखर होतं, पण मालिकेतलं रुग्णालय काल्पनिक आहे. तिथला मुख्य सर्जन जॉन थॅकरी, म्हणजे क्लाइव्ह ओवेन, हा बुद्धिमान, उर्मट आणि कोकेनच्या पुरता आहारी गेलेला माणूस. अफूच्या अड्ड्यावरून पहाटे उठायचं, घोडागाडीत बसून पायाच्या बोटांच्या बेचक्यात सुई टोचायची आणि थेट शस्त्रक्रियेला उभं राहायचं, असा त्याचा दिनक्रम.

त्या पहिल्या शस्त्रक्रियेची मांडणी नीट बघण्यासारखी आहे. मधोमध टेबल, त्यावर वार खाली सरकलेली गर्भवती. भोवती पांढऱ्या डगल्यातले, उघड्या हातांचे डॉक्टर. वर चढत जाणाऱ्या गॅलरीत काळ्या सुटातले पुरुष शिस्तीत बसलेले. रक्त ओढून घेणारं यंत्र हाताने फिरवलं जातंय आणि काचेची बरणी भरत चालली आहे. सर्जन चालू असलेलं काम गॅलरीला समजावून सांगतोय. बाळ वाचतं असं नाही, आई वाचते असं नाही, दोघंही जातात. थॅकरीचा गुरू डॉ. क्रिस्टियनसन आपल्या खोलीत जातो, नीटनेटकी चादर अंथरतो आणि स्वतःला गोळी घालतो. गुरूच्या अंत्यविधीत थॅकरी जे भाषण करतो, ते सगळं प्रगतीबद्दल. माणसाचं आयुर्मान कसं वाढत चाललंय, याचा हिशेब तो शवपेटीशेजारी उभं राहून मांडतो. हिशेब चुकीचा नाही, हेच अवघड आहे.

जुन्या काळावरच्या मालिका एरवी आपल्याला गोंजारतात. सुंदर कपबशा, बग्ग्या, झुंबरं, आणि अधूनमधून एखादा अन्याय, जो बघून आपण चुकचुकतो आणि आपल्या शहाण्या शतकाबद्दल मनातल्या मनात समाधान मानतो. सोडरबर्गने ही सोय काढून घेतली आहे. क्लिफ मार्टिनेझचं पार्श्वसंगीत पूर्ण इलेक्ट्रॉनिक आहे. 1900 सालच्या चिखलातून घोडागाडी चाललेली आणि कानावर सिंथेसायझरची धडधड. पहिली पाच मिनिटं ते खटकतं. नंतर लक्षात येतं की व्हायोलिन वाजलं असतं तर आपण 'गेले ते दिवस' म्हणत निवांत बसलो असतो. या संगीतामुळे तो दिवस जात नाही, आजचाच राहतो. थॅकरी आणि त्याचे सहकारी स्वतःला मागासलेले समजत नाहीत. आपल्यासारखेच तेही स्वतःला जगाच्या अगदी टोकावर उभे समजतात.

थॅकरीमागे खरा माणूस आहे. विल्यम हॉलस्टेड (1852-1922). व्हिएन्नात कार्ल कोलरने 1884 मध्ये डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी कोकेनने भूल देता येते हे दाखवून दिलं, आणि हॉलस्टेड व त्याचे न्यूयॉर्कमधले सहकारी ते औषध स्वतःला टोचून घेऊन प्रयोग करू लागले. मज्जातंतूजवळ कोकेन टोचून तेवढाच भाग बधिर करण्याची पद्धत त्यातून आली. दातांच्या डॉक्टरकडे आपला जबडा बधिर होतो, त्याची मुळं तिथवर जातात. हॉलस्टेड मात्र व्यसनी झाला. कोकेन सोडवायला मॉर्फिन दिलं गेलं, ते आयुष्यभर सुटलं नाही. मालिकेतही कोकेन सोडवायला थॅकरीला हेरॉइन दिलं जातं. बायर कंपनीने 1898 मध्ये ते औषध म्हणूनच बाजारात आणलं होतं, तेव्हा या प्रसंगात लेखकांना फारसं काही रचावं लागलेलं नाही.

इतरत्र मात्र त्यांनी चांगलीच रचना केली आहे, आणि ती सांगितली पाहिजे. टायफॉइड पसरवणारी स्वयंपाकीण मेरी मॅलन प्रत्यक्षात 1907 मध्ये पकडली गेली. मनोरुग्ण बरे करण्यासाठी त्यांचे दात उपटणारा हेन्री कॉटन न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या इस्पितळाचा प्रमुख झाला तोही 1907 मध्येच, आणि त्याचा दात उपटण्याचा सपाटा त्यानंतरचा. 'निकृष्ट' माणसांची सक्तीने नसबंदी करण्याचा पहिला कायदा इंडियाना राज्याने केला, पुन्हा 1907. मालिकेने हे सगळं उचलून 1900-01 मध्ये आणून ठेवलं आहे. पंचवीसेक वर्षांचा काळोख एका इमारतीत कोंडला की तो दाट दिसणारच. इतिहासाच्या दृष्टीने ही लबाडी आहे. नाट्य म्हणून मला ती मान्य आहे, कारण यातलं प्रत्येक पाप खरोखर कुणीतरी केलेलं आहे, आणि करताना ते पाप आहे असं त्याला वाटलेलं नाही.

मेरीला फरफटत नेतात तो प्रसंग मराठी माणसाला परका वाटू नये. 1897 च्या पुण्यात प्लेगच्या साथीत गोरे सोजीर घरात शिरले, माणसं वेगळ्या छावण्यांत नेली, सामान जाळलं. त्या मोहिमेचा अधिकारी रँड याच्यावर 22 जूनला गणेशखिंड रस्त्यावर गोळी झाडली गेली, ते शाळेच्या पुस्तकात आहे. पुस्तकात ठसठशीतपणे नसतं ते हे की प्लेग खरा होता, रोग्याला वेगळं ठेवण्यात तथ्य होतं, आणि उंदरावरची पिसू हा रोग पसरवते हे पॉल-लुई सिमाँने मांडलं ते 1898 मध्ये, म्हणजे वर्षभराने. रँडच्या सोजिरांकडे ज्ञान अर्धं होतं आणि खात्री पुरेपूर. मेरी मॅलनला पकडणाऱ्यांचं ज्ञान बरोबर होतं. ती खरंच जंतू वाहत होती. तरी तिच्या आयुष्याची सुमारे 26 वर्षं नॉर्थ ब्रदर बेटावर कोंडून गेली. यात कुणाची बाजू घ्यायची, हे मालिका सांगत नाही. बरं करते.

पुण्याचा आणखी एक धागा आहे, मालिकेत न आलेला. गुप्तरोगाने नाक गेलेली थॅकरीची जुनी मैत्रीण त्याच्याकडे येते. तो तिच्या दंडाची कातडी नाकाच्या जागी जोडतो आणि ती कित्येक दिवस हात चेहऱ्याला बांधून वावरते. ही इटालियन रीत, सोळाव्या शतकातल्या ताल्याकोत्सीची. पण युरोपात नाक घडवण्याची विद्या पुन्हा जिवंत झाली ती दुसऱ्याच रीतीने, आणि ती पुण्याहून गेली. इंग्रजांच्या सैन्यातला कावसजी नावाचा मराठा गाडीवान 1792 च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराने पुण्याजवळ विटा भाजणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवलं. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकाराचा करायचा, कपाळावर सपाट ठेवून कडेने रेघ मारायची, तेवढी कातडी सोडवून भुवयांमध्ये एक पट्टी जोडलेली ठेवायची, पीळ देऊन खाली वळवायची आणि पाण्यात कालवलेल्या काथाच्या पट्ट्या लावून चिकटवायची. टाका एकही नाही. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ऑक्टोबर 1794 मध्ये हे सचित्र छापलं, आणि ते वाचून जोसेफ कार्प्यूने 1814 मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. ईथरची भूल यायला तेव्हा अजून बत्तीस वर्षं होती. कावसजीचं नाव आणि चित्र राहिलं. कारागिराचं नाव कुणी विचारलं नाही.

एरवी होतं उलट. वैद्यकाच्या इतिहासात सुरी धरणाऱ्याचं नाव राहतं, टेबलावरच्याचं जातं. जे. मॅरियन सिम्सने अलाबामात गुलाम स्त्रियांवर भूल न देता पुन्हापुन्हा शस्त्रक्रिया करून स्त्रीरोगशास्त्राचा पाया घातला. त्यांतल्या अनार्का, बेट्सी आणि लूसी ही तीनच नावं आपल्यापर्यंत आली. सिम्सचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कशेजारी 2018 पर्यंत उभा होता. ज्या आजारावर त्याने उपाय शोधला, त्यातून पुढे असंख्य बायका सुटल्या. आता यावर काय म्हणायचं? 'द निक'मध्ये कृष्णवर्णीय डॉ. अल्जर्नन एडवर्ड्स तळघरात चोरून दवाखाना चालवतो, कारण वरच्या मजल्यावर त्याच्या लोकांना जागा नाही. मदतीला कपडे धुणाऱ्या बायका. तिथेही शोध लागतात, तिथेही माणूस दगावतो, आणि तिथे बघायला गॅलरी नसते. वर गॅलरीत पांढरपेशे पुरुष, खाली कपडे धुणाऱ्या बायका, आणि दोन्ही मजल्यांवर आपण. तिकीट न काढता बसलेले. त्या टेबलावरून जे निघालं त्यावर आज जगणारे. ती टोचणी मला वाटतं इथली आहे. दयेने बघण्याचा हक्क आपल्याला उरत नाही, कारण आपण लाभार्थी आहोत.

म्हणूनच मालिकेचा शेवट मला पटलेला नाही. थॅकरी भरल्या गॅलरीसमोर, पाठीच्या कण्यात कोकेनची भूल घेऊन, आरशात बघत स्वतःचंच पोट फाडतो आणि टेबलावर मरतो. कल्पना अचाट नाही. ऑगस्ट बिअरने 1898 मध्ये कण्यातल्या भुलेचा प्रयोग स्वतःवर करून घेतला होता आणि इव्हान केन या अमेरिकी सर्जनने 1921 मध्ये स्वतःचं अपेंडिक्स काढलं होतं. प्रसंग थरारक आहे, ओवेनने तो जीव ओतून केला आहे. पण सर्जनने स्वतःच्या देहाने किंमत मोजली की बघणाऱ्याचा हिशेब फार सोयीस्करपणे मिटतो. हॉलस्टेडचं असं काही झालं नाही. तो जॉन्स हॉपकिन्समध्ये मानाने जगला. त्याने एका परिचारिकेच्या हातांची आग व्हायची म्हणून रबरी हातमोजे करवून घेतले, पुढे तिच्याशी लग्न केलं, आणि ते मोजे जगभरच्या रुग्णांना वाचवू लागले. पित्तखड्यांच्या शस्त्रक्रियेनंतर 1922 मध्ये तो वारला. स्तनाच्या कर्करोगावर त्याने बसवून दिलेली शस्त्रक्रिया, ज्यात स्तनाबरोबर छातीचे स्नायूही कापून काढत, ती त्याच्यामागे अर्धं शतक चालू राहिली. बर्नार्ड फिशरने 1971 मध्ये रीतसर तुलना सुरू केली आणि एवढं कापून आयुष्य वाढत नाही असं दिसून आलं. दरम्यान ज्यांना हात धड वर करता येईनासा झाला, त्या बायकांना शस्त्रक्रिया यशस्वी झाली असंच सांगितलं गेलं होतं, आणि सांगणाऱ्यांचाही त्यावर पूर्ण विश्वास होता.