जीर्णोद्धार

जुनी वस्तू टाकून नवी घ्यावी की जुनीच नीट करून वापरावी, हा प्रश्न वरवर पाहता केवळ खर्चाचा आणि किफायतीचा दिसतो, आणि घरखर्चाच्या वहीत दोन रकमा समोरासमोर मांडल्या की तो निकालात निघाला असे आपण समजतो. परंतु गेल्या वैशाखात टेंभुर्णीच्या आमच्या घरी, वडिलांनी 2007 साली घेतलेल्या होम थिएटरच्या निमित्ताने तो माझ्यापुढे उभा राहिला, तेव्हा जमाखर्चाच्या कोणत्याही रकान्यात तो मावेना, आणि ज्याला आपले शास्त्रकार धर्मविचार म्हणतात त्या प्रांतात मला पुष्कळ दिवस हिंडावे लागले.

पाच लहान स्पीकर, एक वूफर आणि त्या साऱ्यांना चालवणारा एक काळा, जड अँप्लिफायर, असा तो एकूण ऐवज. वडील हयात होते तोवर आषाढीच्या आधीचे पंधरा दिवस रोज संध्याकाळी त्यावर पंडित भीमसेन जोशींची संतवाणी लागे, आणि महामार्गावरून सोलापूरकडे धावणाऱ्या मालमोटारींचा घोष त्या स्वरांच्या मागे कोठे तरी विरून जाई. त्यांच्या पश्चात यंत्र काही वर्षे झाकून राहिले. वैशाखात ते पुन्हा लावले तेव्हा वूफर फडफडू लागला, अँप्लिफायरमधून अखंड घरघर येऊ लागली, आणि गवयाचा खर्ज जेथे भरून यायचा तेथे फाटलेल्या कापडासारखा आवाज उमटला. पुतण्या जवळच होता. "काका, आता हे भंगारात द्या आणि एक साउंडबार घ्या, एका वायरीत काम होतं," असे तो म्हणाला, आणि त्याच्या म्हणण्यात अवाजवी काही नव्हते. तथापि माझे मन होईना. नव्यासाठी पंधरा-वीस हजार काढण्याची ऐपत या वर्षी नव्हती हे खरेच. पण ती असती तरीही ते झाले असते असे मला वाटत नाही.

दुरुस्ती करणाऱ्या एका वयस्क कारागिराने यंत्र उघडून पाहिले आणि दोन वाक्यांत त्याची कैफियत सांगितली: "गुरुजी, मशीन मेलेलं नाही. कंडेन्सर फुगलेत आणि वूफरचा फोम गेलाय." या दोन वाक्यांत जेवढे तथ्य होते तेवढे पुढे मी वाचलेल्या पुष्कळ पानांत नव्हते. स्पीकरच्या कागदी शंकूला चौकटीशी जोडणारी जी मऊ फोमची कड असते, ती हवेतल्या दमटपणाने आणि उन्हाने दहा-वीस वर्षांत आपोआप कुजते. मात्र मागचे लोहचुंबक, मधले तारेचे वेटोळे आणि खुद्द शंकू ही सारी धडधाकट राहतात. कंडेन्सरचेही तसेच. त्याच्या आतला द्रव उष्णतेने सुकत जातो. 105 अंशांवर दोन हजार तास टिकणारा कंडेन्सर दर दहा अंश कमी उष्णतेत अंदाजे दुप्पट काळ टिकतो, असा त्या शास्त्राचा ठोकताळा आहे, आणि सोलापूर जिल्ह्याच्या उन्हाळ्यात बंद कपाटात ठेवलेल्या यंत्राचे आयुष्य का घटावे याचा खुलासा त्यातूनच होतो. एतावता नाश झाला होता तो सांध्यांचा आणि रसाचा; सत्त्व शाबूत होते.

आपल्या परंपरेने या अवस्थेसाठी एक स्वतंत्र शब्द घडवला आहे, आणि तो अत्यंत अर्थगर्भ आहे: जीर्णोद्धार. विहीर, तलाव, देवालय, धर्मशाळा बांधणे हा पूर्तधर्म. परंतु मोडकळीस आलेल्या विहिरीचा वा देवळाचा उद्धार करण्याचे पुण्य नवे बांधण्याच्या पुण्याहून अधिक, असे सांगणारी वचने पुराणांतून आढळतात. करमाळ्याच्या पलीकडे चौंडीस 1725 साली जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांची कीर्ती आज टिकून आहे ती राज्यकारभाराइतकीच या एका धर्मामुळे. 1780 साली काशीस विश्वेश्वराचे देऊळ पुन्हा उभे केले ते त्याच साध्वीने. नवे बांधणाऱ्याच्या पुण्यात 'मी'पणाचा काही अंश मिसळलेला असतो, आणि जुने सावरणाऱ्याला दुसऱ्याने सुरू केलेल्या कार्यात आपले श्रम विलीन करावे लागतात, यामुळेच शास्त्रकारांनी पुण्याचा तोल दुसऱ्याच्या बाजूस झुकवला असावा, अशी माझी समजूत आहे.

येथून पाऊण-एक तासाच्या वाटेवरच्या पंढरपुरात अलीकडेच या धर्माचे एक मोठे उदाहरण घडले. 15 मार्च 2024 पासून 2 जूनपर्यंत विठुरायाचे पदस्पर्श दर्शन बंद ठेवून गाभाऱ्याचे जतनाचे काम करण्यात आले, आणि त्या कामाचा मुख्य भाग काय होता, तर नंतरच्या काळात हौसेने बसवलेल्या गुळगुळीत फरश्या काढून मूळचा पाषाण मोकळा करणे. काही वाढवून नव्हे, तर काढून टाकून देवालय पुन्हा देवालय झाले. ते काम झाल्यावर गाभाऱ्यात उभा राहिलो तेव्हा आपल्या घरच्या यंत्राकडे कसे पाहावे हे मला त्या काळ्या दगडाने शिकवले, असे मी म्हटले तर वाचकांनी ती अतिशयोक्ती समजू नये. घरी येऊन मी प्रथम जे केले त्याला एक पैसाही लागला नाही: अँप्लिफायरवर वर्षानुवर्षे चढवून ठेवलेला खर्जाचा अतिरिक्त जोर आणि 'सभागृह', 'स्टेडियम' असले कृत्रिम प्रतिध्वनी मी एकामागून एक बंद केले. उरलेल्या चार धडक्या स्पीकरांतून आणि पाचव्या मधल्या स्पीकरातून गायकाचा श्वास ऐकू येऊ लागला.

पण येथे एका तर्काने मला अडवले. कड नवी, कंडेन्सर नवे, उद्या तारा नव्या. मग वडिलांचे म्हणून मी जे राखू पाहतो ते उरले कोठे? हा प्रश्न फार जुना आहे. मिलिंदपञ्ह या ग्रंथात भदंत नागसेन यवन राजा मिलिंदाला विचारतात की तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे आस की चाके की जू. आणि यांपैकी एकही नाही, यांच्याहून वेगळाही नाही, 'रथ' हा केवळ व्यवहारापुरता शब्द आहे, अशा निर्णयापर्यंत त्याला नेतात. याउलट आमचे न्याय-वैशेषिक म्हणतात की अवयवांहून निराळा असा एक अवयवी खरोखरच असतो. आणि आपल्या सिद्धांताशी ते इतके प्रामाणिक की वस्त्रातून एक धागा जरी काढला तरी पूर्वीचे वस्त्र नष्ट झाले आणि उरलेल्या धाग्यांचा 'खंडपट' हा नवाच अवयवी जन्मला, असे ते बेधडक मान्य करतात. बौद्धाच्या दृष्टीने माझे यंत्र कधी नव्हतेच. नैयायिकाच्या दृष्टीने कारागिराने पहिला कंडेन्सर उपटला त्याच क्षणी ते गेले. दोन्ही पक्षांच्या बुद्धीपुढे मी नम्र आहे. परंतु देवळाच्या बाबतीत आपल्या आगमांनी काढलेली वाट मला अधिक पटते. जीर्णोद्धाराच्या विधीत मूर्तीतील देवत्व आधी कलशातल्या जलात आवाहन करून ठेवतात, काम पूर्ण झाले की पुन्हा प्रतिष्ठित करतात; म्हणजे दगड बदलला तरी ज्याच्यासाठी दगड होता ते क्षणभरही निराधार होत नाही. वस्तूचे एकत्व तिच्या द्रव्यात नाही आणि तिच्या नावातही नाही, ते तिच्या प्रयोजनात आहे, आणि ते प्रयोजन मधल्या काळात कोणी तरी आपल्या मनाच्या कलशात सांभाळले पाहिजे. आमच्या घरी ते प्रयोजन श्रवण हे होते.

श्रवण हा शब्द मी सहज वापरलेला नाही. नवविधा भक्तीत पहिले स्थान श्रवणाचे आहे आणि समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकाचा आरंभच त्याने केला आहे. उपनिषदांतही मनन आणि निदिध्यासन यांच्या आधी श्रवण येते. कोणी म्हणेल, ते श्रवण निराळे आणि तुमच्या वूफरचे निराळे. या शंकेचे उत्तर तेराव्या शतकात देवगिरीस यादव सिंघणाच्या आश्रयाने संगीतरत्नाकर लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने देऊन ठेवले आहे. अनाहत नाद योग्यांचा, तो मुक्ती देतो पण रंजवीत नाही; आहत नाद, म्हणजे तार, चामडे, कंठ यांच्या आघाताने निघणारा, आपल्या कानांना ऐकू येणारा नाद, लोकांना रंजवतोही आणि भवबंधही तोडतो, असे त्याचे मत. हा शार्ङ्गदेव व्यवसायाने राजाच्या श्रीकरणातला, म्हणजे जमाखर्चाचे दप्तर सांभाळणारा अधिकारी होता, ही गोष्ट मला या प्रसंगी विशेष जवळची वाटते. हिशेब आणि नाद यांचे वैर नाही, याचा तो जिवंत दाखला आहे.

आता दुसरी बाजू. संतांनी समाधानाचा उपदेश केला आणि पतंजलींनी संतोष हा नियमांत घातला, मग आहे त्यात सुधारणा करण्याची ही धडपड तरी का? मला वाटते, संतोष सुधारणेला आड येत नाही, तो तृष्णेला आड येतो, आणि या दोहोंतील सीमारेषा ध्वनिशास्त्राने विलक्षण स्पष्ट आखली आहे. अँप्लिफायरची शक्ती दुप्पट केली तर आवाजात अवघी तीन डेसिबलची भर पडते. आणि कानाला तो आवाज दुप्पट वाटावा यासाठी सुमारे दहा डेसिबल, म्हणजे दसपट शक्ती लागते. पन्नास वॅटचे पाचशे करा, तेव्हा कुठे मन म्हणेल की दुप्पट झाले; आणि त्या दुप्पटीची सवय झाली की पुढच्या दुप्पटीला पाच हजार. ययातीने सहस्र वर्षे भोगून जे जाणले, ते इंद्रियाच्या घडणीतच असे लिहून ठेवलेले आहे. शेजाऱ्याच्या निद्रेची चाड हा त्यातला आणखी एक भाग. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि सभ्य गृहस्थाला ती सांगावी लागू नये.

याउलट मर्यादेत राहून जे करता येते ते थोडे नाही, आणि ते मी तपशिलाने सांगतो, कारण ज्यांच्या घरी असे जुने यंत्र धूळ खात पडले असेल त्यांचा त्याने फायदा व्हावा. संवाद आणि गायन मुख्यतः ज्यातून येते तो मधला स्पीकर शोकेसच्या काचेमागे होता. तो बाहेर काढून बसणाऱ्याच्या कानाच्या उंचीला आणला. पुढचे दोन ऐकणाऱ्याच्या नजरेपासून तीस-तीस अंशांवर वळवले. कपाटावर चढवलेले मागचे दोन खाली आणून थोडे पाठीमागच्या बाजूस ठेवले. वूफरच्या जागेसाठी एक गंमतशीर पण खरी युक्ती आहे: वूफर आपल्या बसण्याच्या जागी ठेवून गाणे लावायचे आणि आपण जमिनीलगत खोलीभर फिरून जेथे खर्ज स्वच्छ व सारखा ऐकू येतो ती जागा हेरायची, वूफर तेथे न्यायचा. आमच्या खोलीत शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती. टाळी वाजवली की ती घुमत राही. खाली जाजम अंथरले आणि समोरच्या भिंतीवर, भिंतीपासून चार बोटे अंतर ठेवून, दोन जाड घोंगड्या टांगल्या. पातळ चादरीने हे काम होत नाही, ती फक्त वरचे तीक्ष्ण स्वर खाते. नव्या दूरदर्शन संचाचा आवाज जुन्या अँप्लिफायरात आणण्यासाठी प्रकाशाची तार, जिला बाजारात ऑप्टिकल केबल म्हणतात, ती पुरेशी झाली. अगदी अलीकडच्या ध्वनिपद्धती तिच्यातून येत नाहीत, पण पाच स्पीकर आणि एक वूफर यांना लागणारे डॉल्बी डिजिटल व्यवस्थित येते. कंडेन्सर, फोमची कड, केबल आणि कारागिराची मजुरी मिळून खर्च चार हजारांच्या आत बसला.

सगळेच वाचले असे नाही. डीव्हीडी प्लेअर गेला तो गेलाच. भंगलेल्या मूर्तींविषयी अग्निपुराण सांगते की काष्ठाची अग्नीत आणि पाषाणाची जलात विसर्जावी. पण शिशाचे सांधे असलेले हे यंत्र आमच्या उजनी धरणाच्या पाण्याला आणि येथल्या मातीला वर्ज्य आहे, तेव्हा इलेक्ट्रॉनिक कचरा नियमानुसार स्वीकारणाऱ्यांकडे ते पोचवण्याची तजवीज केली. विसर्जनही विधिपूर्वकच व्हावे, भंगाराच्या ढिगात नव्हे.

फोमची नवी कड मी कारागिराच्या देखरेखीखाली स्वतःच्या हातांनी चिकटवली. शंकूच्या काठावर सरसाची बारीक रेघ ओढायची, कड बरोबर मध्यावर बसवायची, बोटांनी हळूहळू दाबत जायचे, वेटोळे कोठे घासत नाही ना हे शंकू अलगद खालीवर करून पाहायचे, आणि मग चोवीस तास त्याला हात लावायचा नाही. त्या चोवीस तासांत मी वराहमिहिराची बृहत्संहिता काढून बसलो होतो. विठ्ठल-रुक्मिणीच्या मूर्तींची झीज थांबावी म्हणून 2020 साली त्यांना जो लेप देण्यात आला त्याला आपण वज्रलेप म्हणतो. तो शब्द सहाव्या शतकातल्या त्या ग्रंथातला. देवालये, गवाक्षे, प्रतिमा, भिंती आणि विहिरी युगानुयुगे टिकाव्यात म्हणून लावायच्या सरसाची संपूर्ण कृती तेथे दिली आहे: वनस्पती द्रोणभर पाण्यात उकळायच्या, आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायच्या. त्या वनस्पतींत कवठाचे कच्चे फळ आहे, सावरीची फुले आहेत, वेखंड आहे. आणि यादीतले पहिलेच नाव तिंदुकाच्या, म्हणजे टेंभुर्णीच्या, कच्च्या फळाचे आहे.