बंद दाराच्या आत

दाराला कडी लावणारा मनुष्य बाहेरच्यास भितो. आत कोण उरले आहे, हे तो क्वचितच पाहतो. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत अपहृत विमानेच शस्त्रे बनली. त्यानंतर प्रवासी विमानांतील वैमानिककक्षाची दारे अभेद्य व आतून बंद करता येण्याजोगी केली गेली. खबरदारी योग्यच होती. परंतु २४ मार्च २०१५ रोजी बार्सिलोनाहून ड्युसेलडॉर्फकडे जाणाऱ्या जर्मनविंग्जच्या विमानात मुख्य वैमानिक थोडा वेळ बाहेर आला आणि सहवैमानिकाने तेच दार आतून बंद करून घेतले. बाहेरून दारावर आघात होत असता विमान फ्रान्समधील आल्प्स पर्वतावर आदळले. त्याच्यासह १५० जीव गेले.

मग विश्वास ठेवावा तरी कोणावर, असे लोक विचारू लागले. हा प्रश्न स्वाभाविक खरा, पण अपुरा. सहवैमानिक मनोविकाराने ग्रस्त होता. सुमारे दोन आठवडे आधी एका डॉक्टरने त्यास मनोरुग्णालयात उपचार घेण्यास सुचविले होते, असे चौकशीत आढळले. कंपनीस कोणीच कळविले नाही. रोग्याचे गुपित राखणे हा वैद्याचा धर्मच; पण त्यावर इतरांचे प्राण टांगलेले असतील, तर मौन सोडणे हाही धर्मच ठरतो. मात्र आजार उघड होताच उपजीविका जाणार असेल, तर रोगी वैद्याची पायरीच चढणार नाही! म्हणून २०१६ च्या फ्रेंच चौकशी-अहवालाने मौन केव्हा सोडावे याचे स्पष्ट नियम मागितले, तसेच परवाना गमावण्याच्या आर्थिक भयावरही उपाय मागितला. वैमानिकाने आपली व्यथा दुसऱ्या वैमानिकाजवळ निर्भयपणे बोलावी, अशी व्यवस्था ठेवणे युरोपातील विमान कंपन्यांना २०२१ पासून बंधनकारक झाले आहे.