ताट बदललं, वाणीचं काय?

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक ८ ते १५



श्रावणात नॉनव्हेज बंद, हे आपल्याला नवीन नाही. आता मात्र व्हीगन होणारे बारा महिने दूध, तूप, मधसुद्धा सोडतात. रितेश आणि जिनिलिया देशमुख यांच्या कंपनीने २०२१ मध्ये वनस्पतींपासून केलेले कबाब बाजारात आणले.

मीही दूध सोडलं. जिवाला त्रास नको, एवढंच मनात होतं. मग घरी सत्यनारायण झाला. आईने पंचामृताचा चमचा पुढे केला आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "यात हिंसा आहे." तिचा हात तसाच थांबला.

आठव्या श्लोकात सात्त्विक आहार येतो. आपण तिथेच थांबतो, भगवंत थांबत नाहीत. चौदाव्यात अहिंसेला ते शरीराचं तप म्हणतात आणि लगेच पंधराव्यात वाणीचं तप सांगतात : न दुखवणारं, खरं, गोड आणि हिताचं बोलणं. माझं बोलणं मला खरं वाटत होतं. बाकीच्या तिन्हींचं काय?

रात्री आईची माफी मागितली. ती म्हणाली, "अरे, नीट सांगायचंस ना. तुळशीपत्र घातलेलं पाणी दिलं असतं." नवव्या अध्यायात देव तरी काय मागतो? पान, फूल, फळ, पाणी. आणि भक्ती.

दूध मी आजही घेत नाही. पण आजचा नेम वेगळा : घरी, लूमवर की गोदामात, शेजारच्याच्या डब्याला एकही टोमणा नाही. जमेल ना?

जय हरी!