दाटीत जागा कोणाची?

काळबादेवीला रुळांचे नवल नाही. १८७४ साली मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली, तेव्हा तिचा एक मार्ग बोरीबंदरहून काळबादेवी रस्त्याने पायधुणीला जात होता. १९०७ मध्ये घोडे जाऊन वीज आली, आणि ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर अशी शेवटची ट्राम धावली. पुढची साठेक वर्षे या वस्तीने बेस्टची बस आणि स्वतःचे पाय यांवर भागवले. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण सुरू झाली आणि काळबादेवी, गिरगाव ही नावे तिच्या स्थानकांवर लागली.

स्थानकाच्या आसपास जास्तीत जास्त माणसे राहावीत, हे नगररचनेतले आजचे सर्वमान्य सूत्र आहे. ते चुकीचे नाही. हजारो कोटींचे भुयार खणायचे आणि त्याच्या तोंडाशी मोजकी माणसे ठेवायची, यात शहाणपण कसले? तरीही या मार्गासाठी इथल्या जुन्या इमारती पाडायचे ठरले, तेव्हा रहिवासी रस्त्यावर उतरले आणि त्यांच्यावर विकासविरोधी असा शिक्का बसला. तो घाईचा होता. दाटीला घाबरणारा माणूस गिरगावात पिढ्यान् पिढ्या राहिलाच नसता.

दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसे, रात्री गॅलरीत पसरलेल्या वळकट्या, मजल्याच्या टोकाला सगळ्यांत मिळून चार संडास. नळाला पाणी पहाटे येणार, म्हणून बाईने साडेचारला उठून पिंप भरायचे, आणि शेजारीण आजारी असली तर तिचेही भरायचे. चाळीच्या आठवणी लिहिणारे यातले शेवटचे वाक्य ठेवतात आणि आधीची गाळतात. पण ज्या बायकांनी बादली घेऊन रांगा लावल्या, त्यांना स्वतःचा संडास असलेले घर हवे आहे, आणि त्यात वावगे काही नाही. चाळ जशीच्या तशी जपा, असे म्हणणारे बहुधा तिथे राहत नाहीत. रहिवाशांचे म्हणणे साधे होते : मेट्रो येऊ द्या, इमारतही पाडा, पण आम्हाला इथेच घर द्या आणि ते लेखी द्या. अखेर त्याच परिसरात नव्या इमारती बांधून पुनर्वसन करायचे ठरले. म्हणजे मागणी अवास्तव नव्हती. तिच्यासाठी भांडावे लागले, इतकेच.

हे भांडण का लागते, याचे मूळ हिशेबात आहे. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. शे-दोनशे रुपयांत मालक डागडुजी करीना, आणि पागडी देऊन आलेला भाडेकरू खोली सोडीना. १९६९ मध्ये दुरुस्तीसाठी उपकर बसला, पण टेकू लावण्यापलीकडे फारसे काही झाले नाही. मग चटई क्षेत्राचे, म्हणजे भूखंडाच्या पटीत वाढीव बांधकामाचे, गाजर आले. उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाला तीन, समूह विकासाला चार चटई क्षेत्र निर्देशांक. विकासकाने जुन्या रहिवाशांना फुकट घरे द्यायची आणि वरचे मजले विकून खर्च व नफा काढायचा. यात इमारत किती उंच जाईल हे परिसराची गरज ठरवत नाही, बाजारभाव ठरवतो. स्थानक आले की भाव चढतो. तो चढवला जनतेच्या पैशाने, आणि वरचा मलिदा जातो तो विक्रीच्या मजल्यांकडे.

नव्या टॉवरखाली उभे राहून वर पाहावे. पहिले कित्येक मजले गाड्यांचे, माणसांची घरे त्यांच्या वर. ज्या गल्लीत ओटा होता, वाण्याचे दुकान होते, तिथे उतार, सुरक्षारक्षकाची केबिन आणि बाहेर येणाऱ्या गाडीसाठी वाजणारा भोंगा. मेट्रोच्या नावाने दाटी मागायची आणि त्याच दाटीला गाड्यांचे मजले जोडायचे, याला नियोजन म्हणणे धाडसाचे आहे. माणसांची गर्दी हे रस्ते सोसत आले आहेत. गाड्यांची गर्दी त्यांना सोसवत नाही.

जुन्या रहिवाशाची दुसरी धास्ती दरमहा येणाऱ्या बिलाची. लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा, रंगरंगोटी यांचा देखभाल खर्च निवृत्तिवेतनात बसत नाही. घर फुकट मिळते, त्यात राहणे फुकट नसते. मग दोन-चार वर्षांत तो घर विकतो आणि विरार नाहीतर डोंबिवली गाठतो. कागदोपत्री त्याचे पुनर्वसन झालेले असते.

इथे आपल्या माणसांनाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. गिरगावातला मराठी टक्का घसरला म्हणून गळा काढणाऱ्यांत, खोली चांगल्या भावाने देऊन उपनगरात प्रशस्त घर घेणारेही आहेत. काहींनी बोरिवलीत संसार थाटला आणि चाळीतली खोली कुलूप लावून पुनर्विकासाची वाट पाहत ठेवली. त्यांचा हक्क कायदेशीर असेल, पण त्यांचे दुःख आणि आजही तिथे पाणी भरणाऱ्या बाईचे दुःख एकाच तागडीत घालता येत नाही. टॉवरमधला नवा शेजारी परका वाटतो, ही तक्रारही तपासून घ्यावी. एके काळी कोकणातून आलेले चाकरमानी इथे नवेच होते.

म्हणून दाटी हवी की नको, हा वाद मला फोल वाटतो. दाटी हवीच. पण तिच्या अटी आधी ठराव्यात : वाढीव चटई क्षेत्राच्या कमाईतून जुन्या रहिवाशांच्या देखभालीचा भक्कम निधी, स्थानकाजवळ वाहनतळाला वाढीव सूट न देता कमाल मर्यादा, आणि परवडतील अशा भाड्याची काही घरे. मेट्रोत रोज किती प्रवासी बसले याचे आकडे निघतात. त्याबरोबर आणखी एक आकडा दर वर्षी जाहीर करावा : पुनर्विकसित इमारतीतले किती मूळ रहिवासी आज तिथेच राहतात? तो समोर आला की प्रकल्प कोणासाठी झाला, यावर भाषणे करायची गरज उरणार नाही.