कडी कोणत्या बाजूला?

किल्ला आणि तुरुंग यांत फरक काय, असे कुणी विचारले तर आपण चटकन म्हणू, की किल्ला रक्षणासाठी आणि तुरुंग शिक्षेसाठी. पण भंडारा जिल्ह्यातल्या आंबागडाचा इतिहास पाहिला म्हणजे हे उत्तर डळमळू लागते. तुमसर तालुक्यातला हा गड देवगडच्या बख्त बुलंद शहाचा सरदार राजाखान पठाण याने १७०० च्या सुमारास बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि त्याचा कैदखाना झाला. आतल्या विहिरीचे कुजके पाणी पाजून कैद्यांचा जीव घेत, असे सांगतात. बुरूज तेच, तटही तोच; फक्त दाराची कडी बाहेरून लागू लागली!

हा गड मला आठवला तो माझ्या भाच्यामुळे. तो नागपुरास असतो. घरोघरचे फोटो आणि व्हिडिओ नीट लावून ठेवणारे, हवा तो क्षणात शोधून देणारे एक सॉफ्टवेअर तो देशोदेशींच्या सोबत्यांबरोबर लिहितो आणि फुकट वाटतो. त्याचा कोडही सर्वांना खुला. ज्याला वाटेल त्याने तो वाचावा, बदलावा, आपल्या यंत्रावर चालवावा.

मी त्याला म्हटले, "अरे, फुकटच्या वस्तूची लोकांना किंमत नसते."

तो हसून म्हणाला, "मामा, फुकट तर मोठ्या कंपन्याही देतात. तुम्ही कडी कोणत्या बाजूला आहे ते पाहा."

त्याचे म्हणणे मी ताडून पाहिले. पॅनोरामिओ नावाचे एक संकेतस्थळ २००५ साली स्पेनमध्ये निघाले. नकाशावर ज्या त्या जागी लोकांनी आपापले फोटो लावायचे, अशी ती कल्पना. २००७ मध्ये ते गूगलने विकत घेतले आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये बंद केले. आपले फोटो उतरवून घ्यायला मुदत मिळाली, हे खरे; पण असंख्य हातांनी रचलेला तो संग्रह मोडला तो मोडलाच.

उलट 'गॅलरी' हे सॉफ्टवेअर पाहा. भरत मेदिरत्ता आणि त्यांच्या सोबत्यांनी ते २००० च्या सुमारास सुरू केले. बदल करून जो ते पुढे वाटील त्यानेही ते खुलेच ठेवावे, अशी त्याच्या परवान्याची अट. २०१४ साली मूळ मंडळी थकून थांबली. पण कोड खुला होता; दुसऱ्या हौशी लोकांनी तो उचलला आणि पुढे चालवला.

मग प्रश्न असा, की देणाऱ्याने किती द्यावे? एकदा दिले म्हणून त्याने जन्मभर राबावे काय? रात्री जागून चुका दुरुस्त कराव्या, आणि वर लोकांची बोलणीही खावी? मला हे न्यायाचे वाटत नाही. तो थांबू शकतो. मात्र दुसऱ्याच्या आठवणी ज्याने आपल्या घरात ठेवून घेतल्या, त्याने थांबताना कडी काढून ठेवलीच पाहिजे. एवढे एक कर्तव्य त्याला टाळता येणार नाही.

पण घेणाऱ्याचे काय? नुसते दार उघडे असून भागत नाही. सार्वजनिक विहिरीचा गाळ दर उन्हाळ्यात कुणीतरी उपसावा लागतो. नाहीतर मोकळ्या विहिरीचे पाणीही कुजते. कुणी कोड लिहावा, कुणी त्याची माहिती मराठीत आणावी, कुणी चार पैसे धाडावे. ज्याला यांतले काहीच जमत नाही त्याने निदान आभाराचा एक शब्द लिहावा.

या दिवाळीत घरोघरी फोटो निघतील. पणती लावणाऱ्या नातीचा, फराळाच्या ताटाशी बसलेल्या आजीचा. ते जिथे ठेवाल तिथे जागा किती मिळते, हे आपण विचारतोच. उद्या आपल्याला ते घेऊन निघता येईल का, हेही विचारावे. ज्या तटाच्या आतून बाहेर पडता येते, त्यालाच किल्ला म्हणावे.