सरस ठरवण्याच्या कसोट्या

दोन मतांपैकी सरस कोणते, हे नैयायिक लाघवावरून ठरवतात: कमी गृहीतकांत भागते ते श्रेयस्कर. पाठचिकित्सेत मात्र अवघड पाठाला अनेकदा झुकते माप मिळते, कारण नकलकार अवघडाचे सोपे करतो, उलट क्वचितच. भांडारकर संस्थेच्या महाभारत-आवृत्तीत सुकथनकरांनी हस्तलिखितांची साक्ष लोकप्रियतेहून वरचढ मानली. गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची सर्वांची लाडकी कथा त्यामुळे परिशिष्टात गेली. हा निर्णय धैर्याचा होता. खगोलशास्त्रात तिसरी कसोटी दिसते, सुसंगतीची: कोपर्निकसची 1543 ची सूर्यकेंद्री मांडणी टॉलेमीहून फारशी अचूक नव्हती; तरी ग्रहांचे वक्री होणे तिच्यात आपोआप उलगडे, आणि केप्लरला ती पटण्यामागे हेही एक कारण होते. लाघव, साक्ष, सुसंगती यांत श्रेष्ठ कोणती कसोटी, हे मात्र यांपैकी एकाही कसोटीने ठरत नाही. तिथे विवेकच लागतो.